छत्तीसपैकी एकतीस

व्यंकटरावांनी पिशवीतून तीस फ्लॉप्या काढून टेबलावर रचल्या, तेव्हाच बन्सीधररावांनी नको म्हणायला हवं होतं. पण भिडस्त माणसाचं 'नको' नेहमी उशिरा निघतं. परभणीच्या बसस्टँडमागे त्यांचं संगणकीय पत्रिका केंद्र दोन वर्षं झकास चाललं होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि वधूवरांचे गुण जुळवणारा एक प्रोग्राम, एवढाच पसारा. त्यात चौऱ्याण्णवची लग्नसराई तोंडावर आलेली. अशा वेळी शहाणा माणूस यंत्राला हळदकुंकू वाहतो, त्याचं पोट उघडत नाही.

"हे काय आता?" त्यांनी विचारलं.

"लिनक्स! नवी ऑपरेटिंग सिस्टिम. पुण्याहून आणली." व्यंकटराव तंत्रनिकेतनात शिकवायचे आणि शिकवून उरलेला उत्साह मित्रांच्या यंत्रांवर काढायचे.

"पण जुनी चालायलीय की बरी."

"तिला हात लावत न्हाई. अर्धी डिस्क नव्या सिस्टिमला देऊ. तिच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा करू आन त्यात तुमचा प्रोग्राम चालवून बघू. प्रोग्रामला वाटंल, आपण जुन्याच घरात हाव. न्हाई जमलं तर पुसून टाकू. टेस्टिंग हाय नुसतं."

खोट्याला काय भ्यायचं, असं बन्सीधररावांना वाटलं आणि तिथंच ते फसले.

दोन दिवस केंद्र बंद राहिलं. सतराव्या फ्लॉपीला वीज गेली, म्हणून पुन्हा पहिलीपासून सुरुवात झाली. सव्विसावी खराब निघाली, तिच्यासाठी व्यंकटराव औरंगाबादला जाऊन आले. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर त्या खोट्या कॉम्प्युटरात पत्रिकेचा प्रोग्राम उमटला आणि दोघांनी बारशाला आल्यासारखं एकमेकांकडं बघितलं.

"आता दोन जन्मवेळा सांगा. गुण जुळवून बघू," व्यंकटराव म्हणाले.

"गिऱ्हाइकाच्या पत्रिकेवर प्रयोग नगं. उद्या लग्नात विघ्न आलं तर नाव आपलं."

"मंग तुमची सांगा. आन वहिनींची."

सरजाबाईंची जन्मवेळ खुद्द त्यांच्या आईलाही ठाऊक नव्हती. ज्वारीची काढणी चालू होती, एवढीच काय ती नोंद. बन्सीधररावांनी आपली वेळ सांगितली आणि खिडकीकडं बघत ते म्हणाले, "सोळा फेब्रुवारी बावन्न. पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. पिंगळी."

"नाव?"

"कमल."

तेवीस वर्षांपूर्वी बन्सीधरराव पिंगळीला मुलगी बघून आले होते. मुलगी मनात भरली होती. पण जोशीबुवांनी सांगितलं, दोघांची एकच नाडी आहे, लग्न करू नये. त्या दिवसापासून मुलीची जन्मवेळ त्यांच्या डोक्यात जी बसली, ती बसलीच. पुढं सरजाबाईंशी लग्न झालं, तीन लेकरं झाली, संसार नेटका झाला. तरी आतली हळहळ काही गेली नाही. आणि गेल्या आठवड्यात एक चिठ्ठी आली होती. चारठाण्याचं स्थळ, मुलगामुलगी दोघांच्या जन्मवेळा, खाली 'मुलीची आई कमलबाई, माहेर पिंगळी.' गुरुवारी त्या स्वतः कागद न्यायला येणार होत्या.

पडद्यावर उत्तर आलं. छत्तीसपैकी एकतीस गुण. नाडी वेगवेगळी. विवाह उत्तम.

बन्सीधररावांनी ते दोनदा वाचलं. निदान कागद तरी हाती असावा म्हणून त्यांनी छापायचा हुकूम दिला. प्रिंटर ढिम्म. पुन्हा दिला. असा सात वेळा दिला.

"खोट्या कॉम्प्युटरला खरा प्रिंटर दिसना," व्यंकटराव म्हणाले. "उद्या बघतो."

'उद्या' म्हणजे गुरुवार. कमलबाई येऊन बाकावर बसल्या. केस पिकले होते, नजर तीच होती. बन्सीधरराव "पाणी घ्या" एवढंच बोलू शकले. तेवढ्यात टेबलाखाली वायरी चाचपणारे व्यंकटराव ओरडले, "दिसला! प्रिंटर दिसला!"

प्रिंटर करकरू लागला. एक कागद आला, दुसरा आला, तिसरा आला.

"बंद करा!" बन्सीधरराव कागदांवर उपरणं टाकत म्हणाले.

"आता कशाचं बंद हुतंय! रांगेत अडकलेले समदे निघायलेत. लय इमानदार सिस्टिम हाय, एकबी काम विसरत न्हाई."

उपरण्याखालून घसरलेला कागद कमलबाईंच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला आणि सावकाश वाचला. "चिरंजीव बन्सीधर. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कमल. एकतीस गुण." दोघांच्या चेहऱ्यांकडं बघून व्यंकटरावांना एकाएकी चहाची आठवण झाली आणि ते बाहेर सटकले.

"ते खोटं हाय. टेस्टिंग," बन्सीधरराव पुटपुटले.

"खोटं कामून? बुवानंबी एकतीसच काढले व्हते."

"आन एक नाडी?"

"ती मी सांगायला लावली. बुवाच्या पाया पडले. पोरगा पसंत न्हाई असं तोंडावर कसं सांगावं? तुमच्या वडलांची इज्जत व्हती."

"मी काय केलतं?"

"आमचा रेडिओ चालू व्हता. आवाज आणखी साफ येतो का बघू म्हणून तुमी तो खोलून बसला. च्या निवून गेला. मला एक सवाल इचारला न्हाई. जाताना त्याचे चार स्क्रू तुमच्याच खिशात गेले. रेडिओ पुन्हा बोलला न्हाई."

तेवीस वर्षं बन्सीधररावांनी जोशीबुवांना शिव्या घातल्या होत्या, ग्रहताऱ्यांना घातल्या होत्या. त्या सगळ्या आता एकाच पत्त्यावर परत आल्या आणि त्यांना स्वतःची फार कीव आली. तो रेडिओ चांगला चालला होता. उघडायची काही गरज नव्हती.

"माझ्या कामाचं बोला," कमलबाई म्हणाल्या. "पोरीची पत्रिका किती जुळायलीय?"

"अठ्ठावीस गुण हायत."

"म्हणून तर सोता आले. पोरीच्या मनात न्हाई. चारठाण्याच्या मंडळींचा कॉम्प्युटरवर लय भरवसा हाय. जुळत न्हाई असं छापून द्या."

बन्सीधररावांनी उपरण्याखालचे कागद गोळा करून बाजूला ठेवले. मग त्यांनी विचारलं, "पोरगा कसा हाय?"

"चांगला हाय. शिकलेला हाय, कसला नाद न्हाई." कमलबाईंनी पदर सारखा केला. "तुमीबी चांगलेच व्हता."

बन्सीधररावांनी मुलाची जन्मतारीख एक दिवस पुढं सरकवली. नाडी एक झाली, गुण नऊवर आले. त्यांनी कागद एकदाच छापला, शिक्का मारला आणि बाईंच्या हाती दिला.

"मंडळींनी इचारलं तर?"

"सांगा, कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई."

कमलबाई हसल्या आणि उठून बसस्टँडकडं निघाल्या. त्या दिवशी पिंगळीलाही त्या अशाच हसल्या होत्या का, हे आठवायचा बन्सीधररावांनी पुष्कळ प्रयत्न केला. पण तेव्हा त्यांचं सगळं लक्ष रेडिओत होतं.