बोटभर जागा

मास्तरांनी माप घेतलं तेव्हा गाडी उभी होती, रिकामी होती आणि सरळ समोर बघत होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

मास्तर म्हणजे शिंपी. खाली दुकान, वर घर, आणि दुकानासमोर झाडाखाली एक जुनी, छोटी, निळी गाडी. दुकानाचा एक नियम होता. पॅन्ट तयार झाली की गिऱ्हाइकाने ती घालायची आणि कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसायचं. "उभ्या माणसाचं माप कुणीही घेईल," मास्तर म्हणत, "बसल्यावर कळतं कापड कुठे ओढतंय ते. बसा!" वीस वर्षांत त्या स्टुलावर बसल्याशिवाय एकही पॅन्ट दुकानाबाहेर पडली नव्हती. बँकेचे साहेब बसले होते, घाईतले नवरदेव बसले होते, पाठ धरलेला एक गवंडीसुद्धा कण्हत कण्हत बसला होता. पाठीमागे सगळे त्यांना 'बसामास्तर' म्हणत.

असा हा माणूस गेले सहा महिने स्वप्नात होता. दुपारी दुकानात शांतता असे, पायाखाली मशीन गुणगुणत असे, मशीनचं चाक फिरत असे, आणि बघता बघता ते चाक मोठं होई, चांदीसारखं चकाके, त्याला पाच आरे फुटत. मग एकाची चार होत आणि चारांवर ती निळी गाडी अलगद बसे. समोर इस्त्री केलेल्या कापडासारखा रस्ता. गाडी धावत नसे, वाहत असे. या वाहण्याच्या नादात मास्तरांनी एका पोस्टमास्तराच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एकदाची घेऊन टाका ती चाकं. गावातली माणसं वाकडी दिसायला लागलीत."

तर मंगळवारी मास्तर टेप गळ्यात टाकून चाकवाल्याच्या दुकानात हजर झाले.

"मास्तर, ही दोन नंबरांनी मोठी आहेत," चाकवाला म्हणाला. "शिवाय रुंद. बाहेर येतील. घासतील."

"घासतील कशी? मी माप घेतलंय. वर बोटभर जागा राहते, बाजूला बोटभर."

"कुणाचं बोट?"

"माझं."

चाकवाल्याने मास्तरांचं बोट पाहिलं. सुईच्या संगतीत राहून ते सुईसारखंच झालं होतं. "बरं," तो म्हणाला, "टायर बुटके घालतो, म्हणजे उंची फार वाढणार नाही. रुंदीचं तुमचं तुम्ही बघा."

चाकं बसली. मास्तर एकटेच गाडी घेऊन घरी आले आणि कसे आले हे त्यांना नंतर आठवेना. झाडं मागे गेली, सिग्नल हिरवे झाले, एका दुकानाच्या काचेत एक निळी गाडी वाहताना दिसली आणि 'कुणाची बरं ही?' असं त्यांना क्षणभर वाटलं. एवढं सुख त्यांना लग्नातही झालं नव्हतं. पण ते ही गोष्ट कुठे बोलले नाहीत.

बायको गॅलरीत उभी होती. तिने वरूनच चाकं पाहिली. "छान आहेत," ती म्हणाली. "पण रविवारी आईला मावशीकडे न्यायचंय. गुडघे धरल्यापासून महिन्यातून तेवढंच एकदा बाहेर पडणं होतं तिचं. वाटेत तिला एवढासा जरी त्रास झाला, तर सोमवारी जुनी चाकं परत. ऐकताय ना?"

जुनी चाकं कापायच्या टेबलाखाली ठेवली होती. काम करताना पाय लागला की मास्तर दचकत.

बुधवारी संध्याकाळी ते दोघींना फेरी मारायला घेऊन निघाले. बायको पुढे, सासूबाई मागे. कोपऱ्यावरचा गतिरोधक आला. गाडी वर गेली, खाली आली, आणि मागून आवाज झाला, "खर्रर्र!"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "जावईबापू, हे माझ्यामुळे का हो?"

"छे छे, आई! काहीतरीच. रस्ता खराब आहे."

रस्ता गेल्याच आठवड्यात केलेला होता. त्याला अजून डांबराचा वास येत होता. पुढचा गतिरोधक दिसताच मास्तरांनी आरशात पाहिलं. सासूबाई खिडकीवरची मूठ धरून सीटवरून चार बोटं अधांतरी झाल्या होत्या. गाडी गतिरोधक ओलांडून गेली. आवाज आला नाही. सासूबाई श्वास सोडून खाली बसल्या.

त्या दिवशी त्या अर्ध्याच जेवल्या. "भूक नाही," म्हणाल्या. मास्तरांना फार वाईट वाटलं. खरं म्हणजे त्यांनी तिथेच सांगायला हवं होतं की आई, चूक तुमची नाही, माझ्या मापाची आहे. पण समोर बायको बसली होती, टेबलाखाली जुनी चाकं होती आणि डोळ्यांसमोर ती काचेतली निळी गाडी होती. ते गप्प बसले. स्वप्न बघणारी माणसं मोठी प्रेमळ असतात, पण स्वप्नापुढे जरा मतलबीही असतात.

गुरुवारी त्यांनी तोडगा काढला. सासूबाई पुढे, बायको मागे. बायको वजनाने पिसासारखी, त्यामुळे मागचा पत्रा टायरपर्यंत पोचणार नाही. हिशेब चोख होता. पण एकट्याने खात्री करायला गेले, तर चौकात डावीकडे वळताना पुढून आवाज. "खर्रर्र!"

वाकून पाहिलं तर उजव्या चाकामागचं प्लॅस्टिकचं अस्तर फुगून पुढे आलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी बायको गाडी चालवत असताना फाटकाचा खांब गाडीला लागला होता. या प्रसंगाला घरात 'फाटक पुढे आलं तेव्हा' असं म्हणत, आणि त्याची चौकशी करायची नसे. त्यामुळे अस्तराचं नाव काढायची सोय नव्हती. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की मोठा टायर त्या फुगवट्याला घासे. उजवीकडे काही नाही. हलकं वळण असेल तरी काही नाही. फक्त डावीकडचं काटकोनी वळण नको.

"फक्त डावीकडे जायचं नाही," मास्तर स्वतःशी म्हणाले. "एवढंच ना!"

शुक्रवारी त्यांनी पॅटर्नचा खाकी कागद पसरला आणि निळ्या खडूने गावाचा नकाशा काढला. एका डावीकडच्या वळणाऐवजी थोडं पुढे जाऊन तीन उजवी. शनिवारपर्यंत कागदावर एक असा आकार तयार झाला, की एक गिऱ्हाईक बघून म्हणालं, "वा, कुणाची कॉलर आहे ही?"

रविवारी दुपारी तिघं निघाली. सासूबाई पुढे, मांडीवर बहिणीसाठी विणलेली शाल.

"मी पुढे का बसायचं?" त्यांनी विचारलं.

"पुढून दिसतं चांगलं, आई."

मागे बायकोने फोनवर रस्ता लावला होता. फोनमधली बाई पहिल्याच चौकात म्हणाली, "डावीकडे वळा." मास्तर सरळ गेले. बाईने थोडा विचार केला आणि पुन्हा म्हणाली, "डावीकडे वळा." मास्तर उजवीकडे वळले, मग पुन्हा उजवीकडे, मग पुन्हा. तिघं आली ती त्याच चौकात, फक्त वेगळ्या बाजूने. दारात उभ्या असलेल्या न्हाव्याने त्यांना हात केला.

"अहो, हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"पलीकडे रस्ता खोदलाय."

तिसऱ्या फेरीला न्हाव्याने हात केला नाही. तो नुसता बघत राहिला.

पण मग हळूहळू काहीतरी वेगळंच घडायला लागलं. ऊन कलतं होतं. मागच्या बाजूचे, कधी न पाहिलेले रस्ते एकामागून एक उलगडत होते. कुठे भिंतीवरून वेल खाली उतरली होती, कुठे कुणी पायरीवर बसून सायकलचं चाक पुसत होतं, एका खिडकीतून कुणीतरी पेटी शिकत असल्याचे चुकीचे सूर येत होते. गाडी खरोखर वाहत होती. फोनमधल्या बाईचा आवाज बायकोने बारीक केला, आणि थोड्या वेळाने बंदच केला.

"थांबा, थांबा!" सासूबाई एकदम म्हणाल्या. "ते माझं टेलिफोन एक्सचेंज!"

पिवळी, बंद पडलेली इमारत होती. सासूबाईंनी तिथे अठ्ठावीस वर्षं काढली होती. "तिसरी खिडकी माझी," त्या काचेला बोट लावून म्हणाल्या. "अख्खं गाव माझ्या कानातून बोलायचं. नेहमीच्या रस्त्याने जाताना दिसतच नाही हो हे. मला वाटलं, पाडून टाकलं."

मग त्या बोलायलाच लागल्या. कोण कुणाला रोज फोन करून नुसतंच गप्प बसायचं, कुठल्या डॉक्टरला कोणती बाई उगीचच बोलवायची, सगळं. बायको मागून दोन सीटांच्या मध्ये डोकं घालून ऐकत होती. अकरा मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला आणि कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मावशींची गल्ली आली. मास्तरांनी ब्रेक दाबला. सगळा नकाशा काढताना त्यांनी हे एकच ध्यानात घेतलं नव्हतं. गल्ली एकेरी रस्त्याच्या डाव्या हाताला होती, बोळाएवढी अरुंद होती, आणि तिचं दुसरं टोक बंद होतं.

"इथून चालत जाऊ या?" ते म्हणाले.

"आईचे गुडघे विसरलात का?" बायको म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी मावशी वाट बघत उभ्या होत्या. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं.

"खर्रर्रर्रर्र!"

"अगं बाई!" मावशी बाजूला होत ओरडल्या. "गाडीतून आलात की गिरणीतून?"

सासूबाईंचा हात आपोआप वरच्या मुठीकडे गेला. त्या पुन्हा चार बोटं अधांतरी झाल्या. ते पाहिलं आणि मास्तरांना राहवेना.

"आई, खाली बसा," ते म्हणाले. "तुमच्यामुळे नाही होत हे. तेव्हाही नव्हतं. चाकं मोठी आहेत. माझं माप चुकलं, आणि मी चार दिवस खोटं बोललो. म्हणून तर एवढं फिरवून आणलं तुम्हाला. माफ करा."

सासूबाई खाली टेकल्या. त्यांनी मांडीवरची शाल सारखी केली. मग म्हणाल्या, "जावईबापू, गाडीला बसवून बघितलं होतंत का?"

वीस वर्षं अख्ख्या गावाला स्टुलावर बसवणारा माणूस, आणि गाडीचं माप उभ्या उभ्या घेऊन मोकळा झाला होता. लाजेने त्यांचे कान तापले.

"सोमवारी जुनी चाकं," बायको मागून म्हणाली.

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. "कपडा कुठे ओढला तर हे फेकून देतात का? दुरुस्त करतात. एक आठवडा दे त्यांना."

सोमवारी मास्तर मिस्त्रीकडे गेले. सोबत सासूबाई होत्या. "गाडीला बसवायचं तर वजन नको का?" त्या म्हणाल्या. "तेवढं आहे माझ्याजवळ." आणि मागच्या सीटवर मधोमध, महाराणीसारख्या बसून राहिल्या. मास्तरांनी चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या कडेला निळा खडू फासला. मिस्त्रीने गाडी दोनदा गचका देऊन चालवली. टायरवर निळी रेघ उमटली.

"ही कड कापून टाकतो," मिस्त्री म्हणाला.

"कापू नका!" मास्तर ओरडले. "आत दुमडा. मार्जिन कधी कापायचं नसतं."

"रंग तडकेल हो."

"मग आधी ऊब द्या. गरम केल्याशिवाय घडी बसते का कधी?"

मिस्त्रीने गरम हवेचं यंत्र आणलं. मास्तर हाताने पत्र्याचा अंदाज घेत होते, मिस्त्री इंच इंच पुढे सरकत रूळ फिरवत होता. कड कपड्याच्या शिवणीसारखी आत गेली. रंगाला चीरही पडली नाही. पुढचं फुगलेलं अस्तरसुद्धा तापवून, दाबून मागे बसवलं. ते कशाने फुगलं होतं, हे मिस्त्रीने विचारलं. मास्तर म्हणाले, "फाटक पुढे आलं होतं." सासूबाई आत बसून पोट धरून हसल्या. त्या दिवशी त्या दोन पोळ्या जास्त जेवल्या.

पुढच्या रविवारी गाडी निघाली तेव्हा गतिरोधकावर आवाज नाही, खड्ड्यात आवाज नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. सासूबाई यावेळी मागेही बसू शकल्या असत्या, पण न विचारता पुढे बसल्या होत्या. फोनमधली बाई म्हणाली, "डावीकडे वळा. आपण अकरा मिनिटांत पोहोचाल."

"अकराच?" सासूबाई म्हणाल्या. मग त्या मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागल्या.

चौक आला. मास्तरांनी दिवा लावला, डावीकडचा. स्टिअरिंगवर हात ठेवला. आता कितीही फिरवलं तरी चाललं असतं. समोर न्हावी दारात उभा होता.

"अहो," मागून बायकोचा आवाज आला. "मला घासल्यासारखं वाटतंय."

मास्तरांनी कान दिला. गाडी उभी होती. इंजिनाखेरीज कशाचाही आवाज नव्हता. त्यांनी आरशात पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती, फोन तिने बंद करून पर्समध्ये टाकला होता.

"हो," मास्तर म्हणाले. "घासतंय खरं."

त्यांनी डावीकडचा दिवा बंद केला, उजवीकडचा लावला, आणि गाडी हळूच वळवली. न्हाव्याने हात केला.