बॉलपेनचा डबा

गिराम सरांच्या घरी जायचं तर चपला पायरीवर काढाव्या लागतात आणि बॉलपेन डब्यात टाकावा लागतो. डबा म्हणजे दाराच्या चौकटीला खिळ्यावर टांगलेला तुपाचा जुना पत्र्याचा डबा. त्यावर सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवलेली: ‘बॉलपेन येथे ठेवावेत.’ नवा माणूस ती गंमत समजून हसतो आणि तसाच आत शिरतो. सर मग बसल्या जागेवरून त्याच्या खिशाकडे बघत राहतात, पाणीसुद्धा विचारत नाहीत. सिलिंडरवाला, मतं मागायला आलेले पुढारी, सरांचे सख्खे मेव्हणे, सगळ्यांनी निमूटपणे डबा गाठलेला मी पाहिला आहे. जाताना निम्मे लोक पेन विसरतात, त्यामुळे डबा कायम भरलेला असतो.

मानवतला माझं बियाण्यांचं दुकान आहे आणि माझ्या घराची भिंत सरांच्या भिंतीला लागून आहे. सर हायस्कूलला मराठी शिकवायचे. वर्गात त्यांची भाषा एकदम पुस्तकातली, पण पेनाचा विषय निघाला की थेट घरची बोली तोंडात येते. “आज याची तबियत बरी न्हाई,” असं ते खिशावर हात ठेवून म्हणाले की समजायचं, खिशातला शाईचा पेन अडखळतोय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डॉक्टरला फोन लावायला निघालो होतो.

त्यांच्याकडे पेन मागायची सोय नाही. बँकेत एका भल्या माणसाने “सर, जरा पेन द्या” म्हणून हात पुढे केला, तर सर म्हणाले, “तुमी कुणाचा दात घासायचा ब्रश मागता का?” तो माणूस अजूनही मला दुकानात विचारतो, की सरांना नेमका राग कशाचा आला होता.

रविवार हा पेनांच्या आंघोळीचा दिवस. सकाळी कोमट पाणी काढून सगळे पेन खोलायचे, धुवायचे आणि जुन्या धोतराच्या तुकड्यावर ओसरीतल्या बाजेवर वाळत घालायचे. त्याच बाजेवर उन्हाळ्यात वहिनींचे, म्हणजे सरांच्या बायकोचे, पापड वाळतात. एका वर्षी आम्ही अख्खा अधिक महिना निळे डाग पडलेले पापड खाल्ले. वहिनी वाढताना एवढंच म्हणाल्या, “खा, शाई चांगल्यातली हाय म्हणं.”

आंघोळ झालेले पेन मग चामडी पाकिटात जातात. हे पाकीट परभणीच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्याने शिवलेलं. तो पूर्वी घोड्यांच्या खोगिराचं काम करायचा. आत प्रत्येक पेनाला स्वतंत्र कप्पा, मेण लावलेल्या दोऱ्याची जाड शिलाई. सर त्याला बोटाने मेण चोळतात आणि अधूनमधून नाकाशी धरून वास घेतात. “बघा, तबियत बघा याची,” म्हणत माझ्याही नाकाला लावतात. मला चामड्याचाच वास येतो, पण मी मान डोलावतो.

कागदाचंही तसंच. लग्नाची पत्रिका आली की आधी तिच्यावरून अंगठा फिरतो, नवरा-नवरीची नावं नंतर. चकचकीत पत्रिका त्यांना अजिबात खपत नाही. “यावर शाई धरतच न्हाई. बोट फिरवलं की गेली पुसून. असल्या कागदावर कुणी लग्न जमवावं?” एवढं बोलून ते लग्नाला मात्र जातात आणि जेवूनही येतात.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण एका सहीने घात केला.

मीरा ही सरांची एकुलती लेक. पुण्यात नोकरीला लागली आणि तिथलाच मुलगा तिने पसंत केला. मुलगा दुसऱ्या समाजाचा. भावकीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा सरांनी ओसरीवर बसून सगळ्यांना एकदाच सांगितलं, “पोरीची पसंती ती माझी पसंती. ज्याला यायचं त्यानं यावं.” नोंदणी पद्धतीचं लग्न ठरलं. साक्षीदार म्हणून सही करायचा मान सरांनी मागून घेतला. त्या एका सहीसाठी त्यांनी नवा पेन मागवला, त्याची निब दगडावर घासून हाताला आणली, शाई तीनदा बदलली. मी हे सगळं भिंतीवरून बघत होतो. माझ्या पोराच्या लग्नात मी मांडवाची एवढी काळजी केली नव्हती.

लग्नाच्या दिवशी परभणीच्या नोंदणी ऑफिसात मीही सोबत गेलो होतो. टेबलावर फॉर्म पुढे आला. सरांनी पेनाचं टोपण काढलं. क्लार्क बिचारा अदबीने म्हणाला, “सर, शाई पाठीमागं उमटती, मग स्कॅन नीट येत न्हाई. बॉलपेननं करा.” आणि त्याने स्वतःचा पेन पुढे धरला. सरांनी हात मागे घेतला.

“कागद बदला,” सर म्हणाले.

“कागद असाच येतोय, सर.”

मागे दुसरी वऱ्हाडं खोळंबली होती. जावई गोरामोरा झालेला. मीरा आधी समजुतीने बोलली, मग तिचा आवाज चढला. “बाबा, एक सही. एवढी एकच.”

“एवढी एकच हाय म्हणूनच,” सर म्हणाले.

मला त्यातली माया ऐकू आली. मीराला नाही आली. भावकीचं बोलणं तिच्या कानावर गेलेलं होतंच. पेनाचं निमित्त करून बाबांनी सही टाळली, असं तिच्या मनाने घेतलं. ती माझ्याकडे वळली, “काका, तुमी करा.” मी केली. सर टोपण काढलेला पेन हातात धरून भिंतीशी उभे राहिले. जोडपं तिथूनच स्टेशनवर गेलं, मानवतला आलंच नाही.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं मीराचा फोन फक्त आईला. कधी सरांनी उचलला तर पलीकडून एवढंच यायचं, “आईला द्या.” आणि तरी फोन वाजला की सर उठायचे, वहिनी शेजारी बसलेल्या असल्या तरी. ते दोन शब्द ऐकायलाच उठत असावेत. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा, त्या दोघांचाही.

मागच्या दिवाळीच्या आधी गल्लीत एक नवीच बातमी उठली: सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. कारण काय, तर दर रविवारी दुपारी ते ओसरीवर बसून डाव्या हाताने लिहितात. मी जाऊन बघितलं, तर खरंच. जीभ दाताखाली धरून, पहिलीच्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं काढणं चाललं होतं.

“सर, काय करायलाव हे?”

“बसा. सबर करा.” त्यांनी ओळ पुरी केली. “हा मीराचा पेन हाय. डावखुरी ना ती. शाळेत असताना तळहात सगळा निळा व्हायचा तिचा. मग मी तिच्या हाताच्या वळणानं निब घासून दिली. आता पेन पडून राह्यला तर शाई सुकती. अन् उजव्या हातानं चालवला तर निब तिचं वळण विसरती. म्हणून जमंल तसं डाव्यानं लिवायलोय.”

“ती कुठं येऊ लागलीय, सर?”

“आली तर पहिल्याच अक्षराला चालला पाहिजे,” सर म्हणाले आणि पुढची ओळ धरली.

मी खिशातून मोबाइल काढला, त्यांचं ते जीभ चावून लिहिणं थोडा वेळ टिपलं आणि सगळं बोलणं खाली लिहून मीराला पाठवून दिलं. माझा बॉलपेन त्या दिवशी मीही डब्यात विसरलो.

दिवाळीला रिक्षा दारात थांबली. मीरा आणि जावई उतरले. पायरीवर चपला काढून मीराने पर्समधला बॉलपेन डब्यात टाकला आणि नवऱ्याचा खिसाही तपासला. मी फराळाचं ताट घेऊन मागोमाग पोचलोच. सर उभे राहिले, त्यांनी चामडी पाकीट उघडलं आणि तिचा पेन तिच्यापुढे धरला. तिने डाव्या हाताने वहीच्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं.

“चालायलाय का?” सरांनी विचारलं.

“चालायलाय, बाबा,” ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरला नाही. सर लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. वहिनी उगीचच ताटातल्या करंज्या मोजायला लागल्या.

मग मीराने पर्समधून एक फोटो काढला. लग्नाच्या दिवसाचा, ऑफिसातला. दोघं हार घातलेले आणि कडेला भिंतीशी सर, हातात उघडा पेन. “तुमची सही राह्यली होती,” ती म्हणाली. “हितं खाली करा. साक्षीदार म्हणून.”

सरांनी सवयीने फोटोवरून अंगठा फिरवला आणि ते थांबले. फोटो चकचकीत होता.

“यावर शाई धरत न्हाई,” सर म्हणाले.

मीराचा चेहरा उतरला. वहिनींनी कपाळाला हात लावला. सर उठून दाराकडे गेले. डब्यात हात घातला. एक पेन काढून तळहातावर ओढून बघितला, तो वाळलेला. दुसराही तसाच. तिसरा चालला. तो घेऊन ते परत आले, मांडी घालून बसले आणि मला हळूच विचारलं, “हा जरा दाबून धरावा लागतो ना?”

“थोडंसं,” मी म्हणालो.

त्यांनी पूर्ण नावाची सही केली आणि खाली ‘साक्षीदार’ असं लिहिलं. अंगठा फिरवून बघितलं, पुसलं नाही.

मीराने तिचा पेन पर्समध्ये ठेवून घेतला. पाकिटातला तिचा कप्पा रिकामा झाला होता. सरांनी तो बॉलपेन पुसला आणि त्या कप्प्यात ठेवला.