मन्मथआप्पांचं बीपी

मन्मथआप्पांच्या घरी गेलात, की पाण्याच्या तांब्याआधी तुमच्या दंडाला पट्टा बसतो. विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा सुटला नाही. आप्पांनी आधी त्याचंच रीडिंग घेतलं.

आप्पा आमचे लातूरचे शेजारी. चाळीस वर्षं भुसार मालाची आडत केली. आता दुकान बंद, पण बोली तीच. सकाळी भिंतीपलीकडून हाक येते, "गुरुजी, आज एकशे सत्तरनं खुललं! बाजार लई गरम हाय." इष्टलिंगाच्या पूजेआधी मोजायचं, पूजेनंतर मोजायचं. पूजेनंतर आकडा वाढला तर म्हणतात, "बगा, देवाला बी आमचं टेन्शन आलं."

हे सुरू झालं उन्हाळ्यात. डॉक्टरांनी त्यांची पाचची गोळी दहाची केली आणि त्याच आठवड्यात महादेवीकाकू नांदेडला लेकीकडं गेल्या. लेकीची बाळंतपणाची रजा संपली होती, बाळाजवळ कुणीतरी हवं होतं. "जा की, मी काय लहान हाय का?" म्हणत आप्पांनीच त्यांना बसमध्ये बसवून दिलं. पंधरा वर्षं रोजची गोळी काकूंनीच त्यांच्या हातावर ठेवली होती. ती कुठल्या फडताळात असते, हेही आप्पांना ठाऊक नव्हतं.

मग दिवसातून दहादा मशीन. जिना चढून आले की लगेच मोजायचं. माझ्याशी राजकारणावर भांडता भांडता मोजायचं. आकडा चढला की अर्धी गोळी जास्त, उतरला की दुसऱ्या दिवशी गोळीला सुट्टी. काकूंचा फोन आला की मात्र, "एकदम बराबर हाय. तू बाळाकडं बघ." फोन बंद झाल्यावरही ते बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडं बघत बसत.

एका सकाळी त्यांच्या नळाजवळ धपकन आवाज आला. मी धावलो. आप्पा ओल्या फरशीवर बसलेले, चेहरा पांढराफटक. "गुरुजी, भाव कोसळला," एवढंच म्हणाले. आदल्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या होत्या, पहाटे उठून पुन्हा एक.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडले. "आडत तुम्ही केलीत, गोळ्या मला बघू द्या. रोज एकच, ठरल्या वेळी. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, तेही आधी पाच मिनिटं गप्प बसून. नव्या डोसला दोन आठवडे तरी द्या." मग विचारलं, "घरी कोण असतं?"

"कुणी न्हाई," आप्पा इतक्या हळू म्हणाले, की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काही दिवस नांदेडला जाऊन राहा की."

"लेकीच्या घरी मुक्काम? आमच्या घराण्यात कुणीच केला न्हाई."

पुढच्या रविवारी मी नांदेडजवळच्या विष्णुपुरीला निघालो. माझी मुलगी तिथं इंजिनिअरिंगला आहे. बघतो तर आप्पा इस्त्रीचं धोतर नेसून, मांडीवर पिशवी घेऊन माझ्या गाडीत आधीच बसलेले.

"वाटेत लोह्यापर्यंत सोडा. तिथं आमचा एक जुना आडत्या हाय, भेटून येतो."

लोहा आलं. मी गाडी थांबवली. आप्पा उतरेनात. काचेतून सरळ समोर बघत म्हणाले, "तो आडत्या वारला की. चार वर्षं झाली."

मी गाडी पुन्हा सुरू केली.

नांदेडला दार काकूंनीच उघडलं. खांद्यावर बाळ झोपलं होतं.

"किती वाळलाव!" काकू म्हणाल्या.

"प्रवासानं," आप्पा म्हणाले.

काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. ती चांगलीच जड निघाली. "माघारी कवा जायचंय?"

"डॉक्टरनं सांगितलंय," आप्पा बाळाच्या टाळूकडं बघत म्हणाले, "डोस अंगात मुरेपर्यंत दोन आठवडे प्रवास करायचा न्हाई. जिथं हाव तिथंच ऱ्हायचं."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. "खरंच का हो, गुरुजी?"

डॉक्टरांच्या खोलीत मी आप्पांच्या शेजारीच बसलो होतो. डॉक्टर असलं काही बोलले नव्हते.

"हो काकू," मी म्हणालो. "माझ्यासमोरच सांगितलं."