घाल म्हणायचं नाही, काढ म्हणायचं नाही

सिनेटर ऑर्व्हल ट्वाइट विधानभवनातल्या आपल्या टेबलाशी बसून कॅरमेल रोल खात होते. तेवढ्यात त्यांची नात ब्रिटा पाण्याचा जग घेऊन समोरून आली आणि त्यांचा घास तोंडातच राहिला. ब्रिटाच्या तोंडावर मास्क होता.

एरवी मास्कचं कुणाला काही वाटलं नसतं. पण ऑर्व्हल गेले दोन महिने त्या मास्कच्याच मागे हात धुऊन लागले होते. ब्रिटा विधानभवनात पेज होती. पेज म्हणजे आमदारांचे कागद, निरोप आणि पाणी इकडून तिकडे नेणारी सोळा-सतरा वर्षांची पगारी पोरं. गेल्या अधिवेशनात ती हौसेने नवा कोट शिवून आली, आणि वसतिगृहात तिच्या खोलीतली दुसरी मुलगी खोकली म्हणून साथीच्या नियमाप्रमाणे कोंडून पडली. सगळं अधिवेशन तिने खिडकीतून पाहिलं. फोनवर ती रडली तेव्हा ऑर्व्हल रविवारपुरते घरी येऊन गोठ्यात उभे होते. तिथेच त्यांनी शपथ घेतली की पेजच्या पोरांवर मास्क, लस, तपासणी यांतली एकही सक्ती राहू देणार नाही.

इतक्या वर्षांत त्यांच्या नावाचं एकही विधेयक पास झालेलं नव्हतं. एकदा गुरांच्या डागणीबद्दल आणलं होतं, तेही पडलं. यंदा ते निवृत्त होणार होते. खालच्या सभागृहाने विधेयक पास करून पाठवलं होतं आणि आज इथलं शेवटचं मतदान होतं. मतं अगदी काठावर होती. आणि आजच, हिच्या तोंडावर मास्क!

"ब्रिटा, हे काय गं?"

"काही नाही आजोबा. असंच."

"असंच? आजच्या दिवशी? काढ बघू आधी."

"असू दे ना आजोबा, प्लीज."

ऑर्व्हलनी लाडात येऊन, ती पाळण्यात असल्यापासूनच्या सवयीने, मास्कवरूनच तिचं नाक चिमटीत धरलं. ब्रिटा केवढ्यांदा किंचाळली! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि जग तिथेच ठेवून ती पळाली. ऑर्व्हल हातातल्या रोलकडे बघत राहिले. आपण एवढं काय केलं ते त्यांना कळेना.

विधानभवनात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. ट्वाइटांच्या घरातच फूट पडली, नात रडत पळाली, असं तासाभरात कॉफीच्या यंत्रापाशी ठरून गेलं. पेजची पोरं तर ब्रिटाच्या बाजूने उभीच राहिली. का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण त्या वयात मैत्रिणीच्या बाजूने आधी उभं राहायचं असतं आणि कारण मागाहून विचारायचं असतं. कुठल्याशा कपाटातून मास्कचं जुनं खोकं निघालं. कामकाज सुरू व्हायच्या आत सगळी पोरं मास्क लावून दारात हजर.

ऑर्व्हलना घाम फुटला. त्यांनी सभागृहाचे रखवालदार पुलक्राबेक यांना गाठलं. पोरांचे केस, बूट, टाय सगळं पुलक्राबेक तपासत, आणि नियमाबाहेरचं पोर दिसलं की सरळ घरी पाठवत.

"पुलक्राबेक, या पोरांना मास्क काढायला सांगा. तुमचं ऐकतात ती."

"सांगितलं असतं, सिनेटर," पुलक्राबेक खिन्नपणे म्हणाले, "पण तुमच्या विधेयकात बसत नाही."

"माझ्या विधेयकात?"

"कलम दोन. कुठल्याही अधिकाऱ्याने पेजला मास्क घाल म्हणायचं नाही आणि काढ म्हणायचं नाही. पोर आणि पोराचे आईबाप काय ते ठरवतील. फार चांगलं लिहिलंय. मी घरी बायकोला वाचून दाखवलं."

ऑर्व्हलनी ते कलम पाहिलं. मसुदा वकिलांनी केला होता. 'घाल म्हणायचं नाही' एवढं वाचून ऑर्व्हल इतके खूश झाले होते की पुढचं न वाचताच त्यांनी सही ठोकली होती.

कामकाज सुरू झालं. समोरच्या बाकावरून लॉर्ना केसलर उठल्या. लॉर्नाबाई जन्मभर नर्स होत्या आणि या विधेयकाच्या कट्टर विरोधात होत्या. मात्र गेली वीस वर्षं ऑर्व्हलच्या डब्यातल्या लोणच्यावर त्यांचा निम्मा हक्क होता.

"माननीय सिनेटर म्हणतात, पोरांना हा जाच नको आहे," लॉर्नाबाई म्हणाल्या. "मग आज सगळ्या पोरांनी, सिनेटरांच्या नातीनेसुद्धा, आपणहून मास्क का लावलाय? की घरचं माणूसच त्यांच्या बाजूने नाही?"

सभागृहात खसखस पिकली. ऑर्व्हलच्या बाजूचे दोघे एकाएकी खिडकीबाहेरचा बर्फ बघू लागले. मतं गळायची ही खूण ऑर्व्हलना चांगली ठाऊक होती. ते उठले. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या ब्रिटाकडे पाहिलं. तिचे डोळे अजून लाल होते, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती, अगदी अपराध्यासारखी.

आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाताळात त्यांना न्यूमोनिया झाला होता. पोर इस्पितळात त्यांचा हात धरून बसली होती. हा मास्क आपल्यासाठी आहे! म्हाताऱ्याच्या छातीला जपतेय, आणि वर आपणच तिला रागावलो.

"लॉर्ना," ते म्हणाले. सभागृहात नावाने हाक मारायची नसते, पण तेही ते विसरले. "मला सकाळपर्यंत माझंच विधेयक कळलं नव्हतं. मला वाटायचं, पोरांच्या तोंडावरचा मास्क काढायचा म्हणजे झालं. तसं नाही ते. पोरांवर विश्वास टाकायचा, एवढंच आहे. ती पोर कुणी न सांगता माझ्यासाठी मास्क लावून उभी आहे. सक्तीने कुणी कुणाला इतकं जपतं का?"

मागच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं. लॉर्नाबाई उभ्याच होत्या. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "काढ म्हणायचं नाही, हे खरंच लिहिलंय ना? मग माझंही मत घे." विधेयक एकमताने पास झालं. पेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. नियमात बसत नव्हतं, पण पुलक्राबेक तेवढ्यापुरते छताकडे बघत होते.

बाहेर संगमरवरी जिन्यावर पेपरवाला कॅमेरा घेऊन आला. "आजोबा-नात, एक फोटो! ताई, एकदा चेहरा दिसू दे. तुमची मर्जी असेल तरच हं."

ब्रिटाने आजोबांकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही आत जे बोललात ना, ते... म्हणजे मला तुम्हाला आधीच सांगायचं होतं." आणि तिने मास्क खाली ओढला.

तिच्या लालबुंद, सुजलेल्या नाकावर एक चमकी लखलखत होती.

"आईला माहितीय," ती भराभर बोलू लागली. "शनिवारी टोचलं. आता काढली तर भोक बुजेल, आणि पुलक्राबेकांनी पाहिली तर घरी पाठवतील. म्हणून मास्क. तुमच्या छातीची पण काळजी आहे मला, खरंच आहे! पण आज... आज नाकच होतं."

ऑर्व्हलच्या डोळ्यांपुढे उद्याचा पेपर उभा राहिला. आख्खा मतदारसंघ, चर्चचे पाद्रीबुवा आणि पहिल्या पानावर ती चमकी!

"घाल," ते दबक्या आवाजात म्हणाले. "घाल आधी तो मास्क!"

"अरे ऑर्व्हल," मागून लॉर्नाबाईंचा आवाज आला, "घाल म्हणायचं नाही."

"राज्यपालांची सही व्हायचीय अजून!" ऑर्व्हल ओरडले आणि त्यांनी दोन्ही हातांनी नातीचा मास्क वर ओढला. त्याच क्षणी कॅमेरा लखकन चमकला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तोच फोटो होता. वर मोठ्या अक्षरांत 'मास्कसक्ती संपली', आणि खाली सक्ती संपवणारा माणूस जिवाच्या आकांताने एका पोरीला मास्क घालतोय. ऑर्व्हलच्या बायकोने, आर्डिसने, तो कापून फ्रिजवर लावला आणि हसून हसून खुर्चीत बसली.

"बोल काय बोलायचंय ते," ऑर्व्हल म्हणाले.

"मी कशाला बोलू? राज्यपालांच्या ऑफिसातून फोन होता. सहीच्या समारंभाला भिंतीवर लावायला त्यांना हाच फोटो हवाय, मोठा करून."

ऑर्व्हलनी कॉफी ओतली. चष्मा लावून फोटो अगदी जवळून पाहिला. मग त्यांनी फोन उचलून नंबर फिरवला. आर्डिसला वाटलं, आता पोरीची खैर नाही.

"ब्रिटा, मी बोलतोय. ते... नाक फार दुखतंय का गं? मीठ घातलेल्या कोमट पाण्याने शेक. आणि ऐक, समारंभाला जरा मोठी चमकी घाल. एवढीशी तिथल्या फोटोंत कुणाला दिसायची?"