दारात अडकलेली बैठक

लांब टेबलाच्या टोकाशी वरिष्ठ बसले की बाकीच्यांची दातखीळ बसते, म्हणून नव्या ग्रंथपालबाईंनी गोल टेबल मागवलं. वाचनालयाचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा सगळ्यांनी मिळून करायचा होता. संध्याकाळी तो समितीपुढे गेला नाही, तर वाचनालयाला कायमचं कुलूप लागणार होतं. हिशेबनिसांना बाईंचं भारी कौतुक वाटलं. आजवर त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांना घाम फुटला असता, ही गोष्ट वेगळी.

टेबल मागवताना मात्र बाईंनी कुणालाच विचारलं नव्हतं.

"आडवं घ्या," आतून ओढता ओढता बाई म्हणाल्या.

"आडवंच आहे, बाई," बाहेरून ढकलणारा शिपाई म्हणाला.

"मग तिरकं घ्या."

तिरकं घेतलं आणि टेबल बाटलीला बूच बसावं तसं दारात बसलं. बाई आत, बाकीचे बाहेर.

"सुतार जेवून येतो म्हणालाय," पुस्तकं देणाऱ्या ताईंनी बातमी आणली.

"मग तोवर बैठक उरकू," टेबलापलीकडून आवाज आला. "वाचक का येत नाहीत, सांगा बघू."

समोर बाईंचा चेहरा नव्हता, नुसतं लाकूड होतं. शिपायाला जोर चढला. "लोक कामावरून सुटतात तेव्हा आपण कुलूप लावतो. येणार कसे?"

"आणि पोरांची पुस्तकं सगळ्यात वरच्या फळीवर," ताई म्हणाल्या. "पोरं काय उडत येणार आहेत?"

"लिहितेय. हिशेबनीसकाका, तुम्ही?"

हिशेबनिसांनी घसा खाकरला आणि टेबलाकडे बघत ते म्हणाले, "उशिराचा दंड काढून टाका. त्याला भिऊन लोक पुस्तक परत आणत नाहीत, मग स्वतःही येत नाहीत." आणि पुढे ते एवढं बोलले, की ताईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

सुतार काही आला नाही. बाई आराखडा घेऊन खिडकीतून उतरल्या आणि कोपराला लागलेल्या चुन्यासकट समितीपुढे उभ्या राहिल्या. मागच्या खुर्चीत हिशेबनीस होते. बाईंच्या जागी आपण असतो तर आत बसून रडलो असतो, असं त्यांच्या मनात आलं.

आराखडा मंजूर झाला. अध्यक्ष खूश झाले. "आमच्या बैठकीत कुणी तोंड उघडत नाही. तुम्ही सगळ्यांना बोलतं केलंत कसं?"

"गोल टेबलामुळे," बाईंनी खरं ते सांगितलं.

"अस्सं? मग आम्हीही मागवतो. याहून मोठं."

हिशेबनिसांनी समितीच्या अरुंद दाराकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते न घाबरता, पूर्ण विचार करून गप्प बसले.