हौसा क्लास

तुळशीराम घरतांनी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला आणि दुसऱ्या दिवशी चहाचं आधण उकळायच्या आत समोरच्या बिल्डिंगमधली भावना दारात उभी राहिली.

"काकी, बोर्ड वाचला. आमच्या भाविकाला पाठवू ना रविवारी?"

"पाठव की," तुळशीरामांच्या पत्नी हौसाबाई म्हणाल्या. "तू पन ये."

"म्हणजे पॅरेंट्सना पण बसू देता?"

"बसू देता म्हंजे? आमी काय कोनाला उभं ठेवतो? चा बी करीन."

"आणि फी?"

"फी कसली गं? घरचीच ना तुमी!"

भावनाने हौसाबाईंचे हातच धरले. तासाभरात तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर बातमी गेली, की घरतकाकींकडे सातवीचा क्लास सुरू होतोय, फुकट, वर चहा.

दोष भावनाचा नव्हता. घरतांच्या दीपेशने टीव्हीवर येणाऱ्या 'सातवी कक्षा' नावाच्या मालिकेसाठी अंतराळयानं तयार केली होती. त्यातल्या एका जातीच्या यानांना, म्हणजे त्या लोकांच्या भाषेत एका क्लासला, त्याने आईचं नाव दिलं होतं. हौसा क्लास. लढाऊ यानं नव्हेत. संकटात सापडलेल्या ग्रहावरून माणसं उचलून आणणारी, पोटाने ऐसपैस, कितीही माणसं आली तरी जागा करणारी. दीपेशने फोनवर हे सांगितलं तेव्हा तुळशीरामांनी फोन कानाला तसाच धरून अंगणात चकरा मारल्या होत्या. पोरगा काय काम करतो, असं कुणी विचारलं की इतकी वर्षं ते "कॉम्पुटरवर असतो" एवढंच सांगत आणि विषय बदलत. भाऊबंदांची पोरं द्रोणागिरीला गोदामं चालवत होती, कुणाचे ट्रेलर जासईला धावत होते, आणि यांचा दीपेश दिवसभर खुर्चीत बसून आगबोटीसारखं काहीतरी रंगवायचा. आता सांगायला काहीतरी मिळालं होतं, आणि ते त्यांनी दहा फूट रुंद करून सांगितलं:

'सातवी कक्षा मध्ये हौसा क्लास! शुभारंभ रविवार, संध्याकाळी सात. चि. दीपेश यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली हौसाबाईंचा लग्नातला शालू नेसलेला फोटो आणि फोन नंबर.

फोन येत राहिले. हौसाबाई प्रत्येकाला "या" म्हणाल्या. एका बाईंनी विचारलं, "गणितावर भर असेल ना?" हौसाबाईंना वाटलं, मालिकेतच असेल. त्या म्हणाल्या, "आसंल. पोराने लई हिशोब करून बनवलाय."

रविवारी दुपारी दीपेश अंधेरीहून घरी आला तर अंगणात मंडप. तुळशीराम शेजाऱ्यांच्या खुर्च्या मांडत होते.

"बाबा, हे काय?"

"लोकं येनार हायत. तुजा जहाज बघाया."

दीपेशचा चेहरा उतरला. त्याने वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, सगळ्यांना नको म्हणून सांगा. ते यान पहिल्याच भागात फुटतं."

"फुटतं? कसा काय? पक्का नाय केला?"

"मी पक्कंच केलं होतं. गोष्टीतच तसं आहे. शत्रू फोडतो."

तुळशीराम थोडा वेळ हातातली खुर्ची उघडत-मिटत राहिले. मग त्यांनी ती पहिल्या रांगेत मांडली. "आता कोनाला नको बोलू? तुज्या आयनी निम्म्या पनवेलला या म्हनून सांगितलाय."

साडेसहाला पोरं येऊ लागली. पाठीवर दप्तरं, हातात कंपासपेट्या. पाठोपाठ आया. दीपेशला काही कळेना. एका मुलीने वही उघडून तारीख घातली आणि विचारलं, "सर, पहिला धडा कुठला?"

मग सगळा उलगडा झाला. भावना लालबुंद झाली. "अहो, मी जुना क्लास सोडवला हिचा! बोर्डवर सरळ सातवी कक्षा लिहिलंय!"

"कक्षा म्हणजे ग्रह ज्या वाटेने फिरतात ती," दीपेश चाचरत म्हणाला.

"मग भूगोलाचा तरी घ्या!"

कुणी हसलं, कुणी दप्तर उचललं. तेवढ्यात हौसाबाई चहाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. "आरं, उटता कशाला? माज्या नावाचा जहाज हाय. बघून तरी जावा."

पातेल्याकडे बघून सगळे बसले. मंडपात आणून ठेवलेल्या टीव्हीवर मालिका सुरू झाली. कुठल्यातरी ग्रहाला आग लागली, माणसं सैरावैरा पळू लागली, आणि धुरातून ते यान खाली आलं. कुणीतरी पडद्यावर ओरडलं, "हौसा आली!" मंडपात शिट्ट्या वाजल्या. तुळशीराम उभेच राहिले. यान माणसं भरभरून नेत होतं, दुसऱ्या ग्रहावर सोडत होतं, पुन्हा परत येत होतं. शेवटची खेप उतरवून ते वळलं आणि शत्रूच्या तोफेने त्याचे तुकडे तुकडे केले.

भावना पदराने डोळे टिपत म्हणाली, "काय दुष्ट असतात मेले एकेक!" दीपेश आईकडे बघायला धजेना.

"दीपेश," हौसाबाईंनी विचारलं, "मानसं समदी उतरलेली ना रं?"

"हो, आई. आणि चालवणाराही कुणी नव्हता. ते आपोआप चालतं."

तुळशीरामांनी घसा खाकरला. "आशी किती जहाजं हायत या क्लासमंदी?"

"बारा."

"मंग आकरा हायत आजून!" त्यांनी मंडपाकडे वळून जाहीर केलं, आणि टाळ्या पडल्या. पोरं दीपेशभोवती वह्या घेऊन जमली. यान कसं काढायचं, ते त्यांना आत्ताच्या आत्ता हवं होतं. दीपेश जमिनीवर मांडी घालून बसला. भावना चहाचे कप गोळा करता करता दोनदा म्हणाली, की गणिताचं नंतर बघू.

सकाळी हौसाबाई मासळीबाजारात गेल्या. त्यांच्या नेहमीच्या कोळणीने कोळंबीचा वाटा पिशवीत टाकता टाकता विचारलं, "काय गो, तुजा जहाज फुटला म्हनं?"

हौसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आजूबाजूच्या चार टोपल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"फुटला. पन समदी मानसं उतरवून मंग फुटला."