बाई जाग्यावर येऊ द्या

लिंबाजीभाऊंची काळी-पिवळी जीप ब्रेक दाबला की थांबते, असं ज्याला वाटतं तो माणूस अंबड-घनसावंगी रस्त्यानं कधी आलेला नाही. ती जीप मथुराबाई थांबू देतील तेव्हाच थांबते.

मथुराबाई म्हणजे कुणी प्रवासी नव्हेत. त्या गायिका, आणि तेही टेपमधल्या. जीप सुरू झाली की त्यांचं गाणं सुरू होतं. तान अर्ध्यावर असताना तुमचा फाटा आला, तुम्ही ओरडलात, टपावर थापा मारल्यात, तरी लिंबाजीभाऊ आरशातून शांतपणे बघतात आणि म्हणतात, "बाई जाग्यावर येऊ द्या."

जाग्यावर येणं म्हणजे जाणकार ज्याला समेवर येणं म्हणतात ते. गाणारा कितीही भटकला तरी शेवटी तबल्याच्या एका ठरलेल्या ठोक्यावर परत येतो, ती जागा. तो शब्द भाऊंना माहीत नाही. रागाचं नावही माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की बाई घराबाहेर पडल्या आहेत आणि त्या परत येईपर्यंत गाडी थांबवणं माणुसकीला धरून नाही.

मी गणिताचा मास्तर. राहतो अंबडला, शाळा घनसावंगीच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. पण ऐन शाळेच्या फाटकाशी मथुराबाईंची एक लांबलचक तान येते. त्यामुळे मी रोज पुढच्या पुलावर उतरतो आणि उन्हातून पायपीट करत मागं येतो. मुलांना वाटतं, सर तब्येतीसाठी चालतात. मुख्याध्यापकांना वाटतं, सर मुद्दाम उशीर करतात. दुसऱ्या जीपनं का जात नाही, असं बायको विचारते. त्याचं उत्तर मला बरीच वर्षं देता आलं नाही.

या बाई भाऊंना सापडल्या त्या जालन्यात. कॅसेटचं एक जुनं दुकान बंद होत होतं आणि मालक उरलेला माल टोपलीत घालून रस्त्यावर विकत होता. भाऊ गेले होते भारुडाची कॅसेट आणायला. घरी येऊन लावली तर डबी भारुडाची आणि आत बाई. कॅसेटवर चिकटवलेल्या कागदावर 'मथुराबाई' एवढं वाचता येत होतं, पुढचं आडनाव उंदरानं खाल्लं होतं. दुसरा एखादा दुकानदाराशी भांडायला गेला असता. भाऊंनी दुसऱ्या दिवशी जीपला नवे स्पीकर बसवले. कॅसेट झिजू नये म्हणून गाणं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, पण जुना टेपही काढला नाही. "बाईचं माहेर हाय ते," म्हणाले.

आवाज मोठा विलक्षण. रुंद, जाड, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. नवा प्रवासी हमखास विचारायचा, "हा बुवा कोण?"

"बुवा न्हाई, बाई."

"बाईचा आवाज असा असतोय का?"

"असतोय," भाऊ म्हणायचे. "बिलकुल असतोय."

एरवी हा माणूस कशानं चिडत नाही. टायरला, रंगाला, मिशीला काहीही नावं ठेवा. पण त्या आवाजाला जो हसला, त्याला दुसऱ्या दिवशी जीपमध्ये जागा नसायची. जीप रिकामी असली तरी नसायची.

बाकीचे नियम प्रवाशांनी अनुभवातून शिकून घेतले. गाणं एका मैफलीतलं आहे. त्यात मध्येच श्रोत्यांतला कुणी म्हातारा दोनदा खोकतो आणि मग भरल्या गळ्यानं म्हणतो, "क्या बात है!" आमच्या जीपमध्ये कुणाला खोकला आलाच तर तो त्या म्हाताऱ्याबरोबर खोकायचा. "त्याच्यासंगं उरकून घ्या," असा भाऊंचा आदेश. त्यामुळे साखर कारखान्याचा फाटा मागं पडला की सगळी जीप एकदम खोकते आणि एकदम "क्या बात है" म्हणते. ऊसतोडीला चाललेली माणसं म्हणतात, बाजाराला निघालेल्या बायका म्हणतात. कौसाबाई नावाची एक म्हातारी भाजीची टोपली मांडीवर घेऊन रोज येते, ती तर हात वर करून म्हणते. एकदा एका शेतकऱ्याची शेळी नको तिथं ओरडली. भाऊंनी मागं न बघता सांगितलं, "तिला समजावून सांगा, न्हाईतर दोघंबी उतरा." त्या गरीब माणसानं पुलापर्यंत शेळीचं तोंड हातात धरून ठेवलं.

एका लग्नाला भाऊंची जीप सांगितली होती. वऱ्हाडाला मथुराबाईच ऐकाव्या लागल्या. मांडवापाशी पोचेपर्यंत नवरदेव गाढ झोपला होता आणि त्याला पाणी मारून उतरवावं लागलं. एकदा पोलिसानं हात केला. भाऊंनी गाडी कडेला घेतली ती तान संपल्यावर, बऱ्याच पुढं. तोवर बाई पुन्हा बाहेर पडल्या होत्या, म्हणून भाऊंनी धापा टाकत आलेल्या त्या माणसाला बोटानं थांबा म्हणून खुणावलं. "साहेब, बाई जाग्यावर येऊ द्या, मंग कागदं दाखवतो." आणि पोलीस थांबला हो! काठी काखेत धरून थांबला. बाई आल्या, त्यानं मान हलवली आणि कागद न बघताच गेला.

आमचा रस्ता शाळेच्या पुढं घनसावंगीपर्यंत नवा झाला तेव्हा सगळ्या तालुक्यात आनंदीआनंद होता. दुःख झालं ते एकट्या लिंबाजीभाऊंना. खड्डे गेले, जीप लवकर पोचायला लागली आणि घनसावंगी आली तरी गाणं शिल्लक राहायला लागलं. मग ते प्रवाशांसकट बसस्थानकाला फेऱ्या घालत. पाहुण्या माणसाला वाटायचं, या गावात काही देवस्थान असावं.

मी या सगळ्याला पहिल्यांदा नाक मुरडलं. शास्त्रीय संगीतातलं मला इतकंच कळायचं, की ते संपल्यावर टाळ्या वाजवायच्या आणि मधे वाजवायच्या नाहीत. पण रोज सकाळ-संध्याकाळ एकच गाणं कानावर पडलं की दगडालाही पाझर फुटतो. एके दिवशी वर्गात फळ्यावर समीकरण मांडताना मी त्या तानेवर खडू चालवतोय, असं माझं मलाच दिसलं. त्या आवाजात एक गंमत होती. तो लाडात येत नव्हता, कुणाला खूश करायला बघत नव्हता. आपल्या घरात बसून धान्य निवडावं तसा, सावकाश, स्वतःपुरता गात होता. मला तो आवडायला लागला. हे मी कुणाला सांगितलं मात्र नाही, कारण पुलावरून चालत येण्याबद्दलची माझी तक्रार मला सोडायची नव्हती.

भाऊंचं गाव याच रस्त्यावर. एकदा तिथंच पंक्चर झालं म्हणून त्यांच्या घरी चहाला गेलो. द्वारकावहिनींनी चहा आणून दिला. मी म्हणालो, "वहिनी, साखर थोडी कमी चालली असती." त्या हसल्या, हातानंच 'पुढच्या वेळी' अशी खूण केली आणि आत गेल्या. गावात सगळेच म्हणत, की लिंबाजीची बायको मुकी आहे. मलाही वाईट वाटलं. इतक्या गाणंवेड्या माणसाच्या घरी ही अशी शांतता.

मग गेल्या हिवाळ्यात भाऊ मला म्हणाले, "सर, जालन्याला एक गाण्याचे मास्तर हायत म्हणं. बाईची अजून एखादी कॅसेट भेटली तर बघू. तुम्ही चला. मला एकट्याला बोलता यायचं न्हाई."

गेलो. मास्तर वयोवृद्ध, खोलीत तंबोरे टांगलेले. भाऊंनी पेन ड्राइव्ह पुढं केला. मास्तरांनी थोडं ऐकलं आणि बंद केलं. "तोडी आहे. सकाळचा राग. संध्याकाळी वाजवत नाही ना?"

"वाजवतो की," भाऊ म्हणाले. "परतीला माझ्याकडं दुसरी बाई न्हाई."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "होत्या या मथुराबाई. तयारी उत्तम होती. पण आवाज हा असा. बाईमाणसाचा आवाज कसा नाजूक हवा. लोक हसायचे. नाही चालल्या." मग त्यांनी कपाटाच्या तळातून धुळीनं माखलेली एक कॅसेट काढली. "ही एक आहे बघा. घेऊन जा, मला नको."

भाऊ कॅसेट उराशी धरून जीपमध्ये बसले, पण किल्ली फिरवेनात.

"हसायचे म्हणं," ते म्हणाले.

"जाऊ द्या हो भाऊ."

"सर, आमची ही मुकी न्हाई."

"कोण, वहिनी?" मी विचारलं.

"आवाज भारी हाय तिचा. अस्साच." त्यांनी टेपकडं बोट केलं. "आमच्या लग्नात उखाणा घ्यायला लावल्ता. तिनं तोंड उघडलं आन् सगळा मांडव हसला. कोण बाप्या बोलून राह्यला, म्हणले. सगळ्यात आधी कोण हसलं, म्हाईत हाय का? मी. मीच हसल्तो, सर. तवापासून ती चारचौघांत बोलली न्हाई. घरात बोलती. माझ्याशी बोलती, पोरीशी बोलती. म्हशीशी तर लई बोलती. तालुक्यातला सगळ्यात चांगला आवाज आमची म्हैस ऐकून राह्यली."

मला वहिनींची ती चहाच्या वेळची खूण आठवली.

"ही बाई टेपमंदी भेटली, तवा मला वाटलं, लोकाचे कान तयार करावं. रोज ऐकलं की सवय लागती. गाडीला लागती, तिखटाला लागती, तर आवाजाला का न्हाई लागायची? म्हणून लावून राह्यलो एवढे दिवस." त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. "पोरगी बाळंतपणाला आलीय. बारसं हाय पुढच्या आठवड्यात. ती म्हणती, पाळणा आईनंच म्हणायचा. ही न्हाई म्हणती. तुम्ही सांगा सर, तुम्ही शिकलेलं माणूस. झाले असतील का कान तयार?"

मी म्हणालो, "ती कॅसेट तर लावा."

खरखर झाली. कुणीतरी मैफलीत मथुराबाईंचं स्वागत केलं. मग बाई स्वतः बोलल्या, "आपण सर्व मंडळी आलात, मला आनंद आहे," एवढंच. श्रोत्यांत खसखस पिकली. अगदी स्पष्ट ऐकू आली. भाऊंचा हात टेप बंद करायला पुढं गेला, तो मी धरला. बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी खालचा सा लावला आणि तो लावूनच धरला. हसू विरलं. पाठोपाठ खोकलेही थांबले. इतकी शांतता झाली की तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू यायला लागल्या.

"हसले ना?" भाऊ म्हणाले. "मंग गप झाले ना?"

"झाले."

"हिला ऐकवतो," असं म्हणून त्यांनी जी जीप सोडली, ती पहिल्यांदाच कुठंही फेऱ्या न घालता सरळ घरी नेली.

बारशाला जीपमधली झाडून सगळी मंडळी आली होती. मांडव दारातच होता. पुढं बायका पाळण्याभोवती, मागं आम्ही पुरुष. भाऊ मात्र मांडवात आले नाहीत. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या जीपमध्ये स्टेअरिंग धरून बसून राहिले. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "मला इथूनच बराबर ऐकू येतंय."

द्वारकावहिनी पाळण्यापाशी आल्या. दोरी हातात घेतली. पदर ओढला, पुन्हा सारखा केला. आणि पाळणा सुरू झाला. तोच रुंद, जाड, सावकाश आवाज. तालीम नव्हती, ताना नव्हत्या, पण घर तेच.

जावयाकडची माणसं आमच्या जीपमधून कधी गेलेली नव्हती. त्यांच्यातल्या दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. एक फिसकन हसली. वहिनींचा आवाज कापला, ओळ मध्येच अडकली. मी जीपकडं बघितलं. भाऊंनी मान खाली घातली होती.

तेवढ्यात कौसाबाई उठली. जावयाकडच्या बायकांकडं वळली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ए, गप बसा गं! बाईला जाग्यावर येऊ द्या!"

मांडव चिडीचूप झाला. वहिनींनी श्वास घेतला, सुटलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली आणि जाग्यावर आल्या. आमची माणसं सवयीनं दोनदा खोकली आणि एकसाथ म्हणाली, "क्या बात है!" जावयाकडचे घाबरून इकडंतिकडं बघायला लागले. आणि त्याच वेळी रस्त्यावरून जीपचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. बाळ दचकून उठलं. पाळणा चालूच, हॉर्न चालूच. मी धावत गेलो. भाऊंनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं होतं, कपाळ हॉर्नवर होतं आणि ते त्यांना कळत नव्हतं. ते हुंदके देऊन रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये पुढच्या सीटवर द्वारकावहिनी होत्या. घनसावंगीला बाळासाठी काजळ आणायला निघाल्या होत्या, असं भाऊ म्हणाले. काजळ त्यांच्या गावातही मिळतं. मथुराबाई गात होत्या. शाळेचं फाटक दिसायला लागलं, नेहमीची तान उठली आणि मी पुलापर्यंत जायचं म्हणून पिशवी पायाशी नीट ठेवली.

"अवं, थांबवा की," वहिनी म्हणाल्या. "सरची शाळा आली."

भाऊंनी ब्रेक दाबला. तान अर्ध्यावर होती, बाई अजून बाहेरच होत्या, तरी दाबला. जीप फाटकापाशी थांबली. मागं बसलेली कौसाबाई आ वासून बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला शाळेच्या दारात उतरायला मिळत होतं. आत प्रार्थनेची घंटा झाली. फाटकात उभे असलेले मुख्याध्यापक मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते.

मी पिशवी उचलली आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

"जरा थांबा वहिनी," मी म्हणालो. "बाई जाग्यावर येऊ द्या."